बॅटल्स ऐकताना कान कुठे ठेवायचा?

प्रश्न असा आला आहे: 'मी ड्रम्स वाजवतो. मेटल आणि प्रोग्रेसिव्ह रॉक (प्रोग) ऐकत मोठा झालो. बॅटल्स हा प्रायोगिक रॉकमधला मोठा सुपरग्रुप आहे असं सगळीकडे वाचलं म्हणून ‘मिरर्ड’ हा अल्बम तीनदा ऐकला. गाणारा खारीच्या आवाजात ओरडतो, गिटार कुठली आणि कीबोर्ड कुठला ते कळत नाही, आणि तेच तेच वाजत राहतं. एवढे नावाजलेले वादक एकत्र येऊन हेच करायचं होतं का? आणि तो गायक सोडून गेल्यावर ऐकण्यासारखं काही उरलं का?'

मी वीसेक वर्षं ड्रम्स वाजवतोय. त्यातली निम्मी वर्षं दुसऱ्यांच्या बँडचा आवाज मिक्सरवर सांभाळण्यात गेली. तुमची तक्रार वाचून हसू आलं, कारण ‘ॲटलस’ हे ‘मिरर्ड’मधलं गाणं पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा फाइलच बिघडलेली आहे असं समजून मी ती पुन्हा उतरवून घेतली होती. दुसऱ्या फाइलमध्येही खार तशीच ओरडत होती.

आधी ‘सुपरग्रुप’ या शब्दाचा घोळ निस्तरू, कारण निम्मा अपेक्षाभंग तिथूनच होतो. १९६६ मध्ये क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांनी क्रीम हा बँड काढला, तेव्हापासून या शब्दाला एक बेरजेचा वास आहे. तीन उस्ताद, तिघांचे सोलो, म्हणजे ऐकणाऱ्याची तिप्पट चंगळ. बॅटल्समध्ये मात्र वजाबाकी आहे. प्रत्येकजण ज्या गोष्टीसाठी ओळखला जायचा, त्यातला मोठा हिस्सा त्याने दाराबाहेर ठेवला.

बँड न्यूयॉर्कमध्ये २००२ च्या सुमाराला जमला. इयन विल्यम्स हा डॉन कॅबालेरो या पिट्सबर्गच्या बँडचा गिटारवादक. मॅथ रॉकची, म्हणजे गुंतागुंतीच्या तालांवर चालणाऱ्या रॉकची, चर्चा या बँडचं नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाही, इतका त्याचा दबदबा. जॉन स्टॅनियर हा हेल्मेट या मेटल बँडचा ड्रमर, म्हणजे १९९२ च्या ‘मीनटाइम’वर जो लोखंडी ठोका ऐकू येतो तो याचा. पुढे गायक माइक पॅटनच्या टोमाहॉक या बँडमध्येही हाच. डेव्ह कोनॉप्का बोस्टनच्या लिंक्स या बँडमधून आला. हा बास आणि गिटार दोन्ही वाजवायचा, शिवाय ग्राफिक डिझायनर असल्यामुळे अल्बमच्या मुखपृष्ठांतही त्याचा हात असायचा. आणि टायोंडाय ब्रॅक्स्टन, गायक, गिटारवादक, कीबोर्डवादक आणि रचनाकार. वडील अँथनी ब्रॅक्स्टन, म्हणजे शिकागोच्या प्रायोगिक जॅझमधलं मोठं नाव. असे चौघे जमले की तंत्राची आतषबाजी होणार, असं कोणालाही वाटेल. २००४ मधल्या त्यांच्या सुरुवातीच्या ईपी (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड) ऐकल्यात तर उलटाच प्रकार दिसतो. चार-सहा सुरांचे तुकडे, कोरडा ठोका, गाणं जवळजवळ नाहीच. नंतर वॉर्प या मूळच्या शेफील्डच्या कंपनीने त्या एकत्र करून पुन्हा काढल्या. एफेक्स ट्विन आणि ऑटेकर यांची ही कंपनी, तिथे गिटारवाल्यांना बोलवणं यावं यातच काय ते समजा.

या बँडचा पाचवा सभासद म्हणजे लूप. तो कळला की बाकीचं आपोआप कळतं.

लूपर म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेल, तरी मुळापासून सांगतो, कारण गंमत त्याच्या खाचाखोचांत आहे. पायाखाली पेडल. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, दुसऱ्यांदा दाबलं की मधला तुकडा गोल गोल फिरायला लागतो. त्यावर दुसरा थर चढवायचा, मग तिसरा. विल्यम्स डॉन कॅबालेरोच्या २००० मधल्या ‘अमेरिकन डॉन’ अल्बमपासूनच या नादाला लागला होता. बॅटल्समध्ये तिघेही लूपची यंत्रं घेऊन उभे राहिले, त्यांत एकोप्लेक्स नावाची रॅकमध्ये बसणारी डिजिटल यंत्रंही होती. म्हणजे फिरणाऱ्या चक्रांचं अख्खं गोदाम, आणि त्यांच्यासमोर एकच माणूस हातापायांनी वाजवणारा.

आता त्या माणसाच्या जागी स्वतःला बसवा. टेम्पो १२० आहे असं धरू. चार मात्रांचं आवर्तन बरोबर दोन सेकंदांचं. गिटारवाल्याने दुसऱ्यांदा पेडल दाबताना तीस मिलिसेकंद उशीर केला. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पण आता लूप २.०३ सेकंदांचा झाला आणि तो कायमचा तसाच राहणार. तुम्ही इमानदारीत १२० ला चिकटून राहिलात तर वीस आवर्तनांत ०.६ सेकंदांचं अंतर पडतं, म्हणजे एका मात्रेहून जास्त. पाऊण मिनिटात गाण्याचा बोजवारा. मी हे पुस्तकात वाचलेलं नाही, भर कार्यक्रमात भोगलंय. आमच्या गिटारवाल्याने नवं पेडल आणलं, तालमीत दोनदा जमलं, आणि स्टेजवर तिसऱ्याच मिनिटाला मी आणि तो लूप दोन वेगवेगळ्या गाण्यांत होतो. वर माझ्या मॉनिटरमध्ये (स्टेजवर वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) लूप ऐकूच येत नव्हता. माझाच क्रॅश, म्हणजे मोठी झांज, त्याला गिळत होता. त्या संध्याकाळी मला समजलं की ड्रमर ताल देतो हा आपला समज लूपच्या बँडमध्ये चालत नाही. ताल यंत्राने दिलेला असतो, चुकलेला असला तरी. तुम्ही फक्त तो खरा करून दाखवायचा.

तबल्याचा सोलो ऐकला असेल तर लेहरा आठवा. हार्मोनियम किंवा सारंगी एकच आवर्तन पुन्हा पुन्हा वाजवत राहते आणि तिच्या भरवशावर तबलजी वाटेल तिथे भटकून समेवर परत येतो. बॅटल्समधला लूप म्हणजे हा लेहराच. फरक एवढाच की लेहरा धरणाऱ्याला कान असतात. तबला किंचित पुढे सरकला तर तो सांभाळून घेतो. यंत्र कोणालाच सांभाळून घेत नाही. स्टॅनियरला त्या बहिऱ्या लेहऱ्यावर वाजवायचंय, आणि तेही असं की ऐकणाऱ्याला वाटावं, यंत्रच ह्याच्या मागे धावतंय.

हेल्मेटमध्ये त्याचं काम वेगळं होतं. तिथे रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) थांबायची, चालायची, पुन्हा थांबायची, आणि ते थांबणं-चालणं त्याच्या हातात होतं. बॅटल्समध्ये थांबण्याचा अधिकारच गेला. मग उरलं काय? वजन. स्नेअर (काठ्यांनी वाजणारा पुढचा छोटा ड्रम) उंच सुरात ताणलेला, कोरडा, फटकन बसणारा. किकमध्ये, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रममध्ये, उगाच नक्षी नाही. फिल्स, म्हणजे ठेक्यामधले भरीचे तुकडे, मोजके. आणि ती प्रसिद्ध झांज. त्यांचा कुठलाही थेट कार्यक्रमाचा व्हिडिओ काढून बघा. ड्रमसेट मागे कोपऱ्यात नाही, पुढे मधोमध आहे. त्यावर एकच क्रॅश, आणि तो इतका उंच टांगलेला की मारायला हात पूर्ण वर न्यावा लागतो, बसलेला माणूस जवळजवळ उठतो. लोक याला दिखावा म्हणतात. दिखावा थोडा आहेच, नाही असं नाही. पण ड्रमर म्हणून विचार करा. मेटलवाले आपण चार-चार क्रॅश हाताशी ठेवतो आणि दर चार आवर्तनांनी सवयीने वाजवतो. तो हात तिथे पोचायलाच वेळ लागणार असेल, तर मारायचं की नाही हे आधी ठरवावं लागतं. सवयीचा प्रत्येक फटका गळून पडतो आणि उरलेला फटका ऐकणाऱ्याच्या छातीवर बसतो.

विल्यम्सचीही वजाबाकी बघण्यासारखी आहे. डाव्या हाताने गिटारच्या मानेवर टॅपिंग (नखीऐवजी बोटांनी तारा ठोकून सूर काढणं) आणि त्याच वेळी उजव्या हाताने कीबोर्ड. दोन्ही बाजूंना तिरपे उभे केलेले कीबोर्ड आणि मध्ये गिटार लटकवलेला माणूस. सर्कस वाटते, पण प्रत्येक हाताने वाजवलेलं वाक्य मात्र एवढंसं. डॉन कॅबालेरोतली लांबलचक गुंतागुंत इथे नाही. गुंता तयार होतो तो अशा छोट्या तुकड्यांच्या लांब्या जुळत नसल्यामुळे. समजा एक तुकडा सात मात्रांचा आणि दुसरा चारचा. दोघे एकदम सुरू झाले तर पुन्हा एकत्र समेवर यायला अठ्ठावीस मात्रा लागतात. तोवर दर आवर्तनात त्यांचं नातं बदलतं. तुम्हाला ‘तेच तेच’ वाटतंय ते सूर तेच आहेत म्हणून. त्यांची आपसातली जागा दरवेळी वेगळी असते. कान सुरावर असेल तर कंटाळा येणारच. तो दोन चक्रांच्या मधल्या फटीवर ठेवून बघा.

गिटार आणि कीबोर्ड वेगळे ओळखता येत नाहीत, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि त्यात तुमच्या कानाचा दोष नाही. वाद्य ओळखायला कान मुख्यतः सुराची सुरुवात आणि त्याचं विरत जाणं यांचा आधार घेतो. गिटारला नखीचा टणत्कार असतो, मग हळूहळू मावळणारा सूर. टॅपिंगमध्ये नखी गेली. सूर यंत्राने एक सप्तक वर नेला की लाकूड-तारेची ओळख पुसट झाली. आणि लूपचा सांधा जिथे येतो तिथे सुराची शेपूटही छाटली जाते. डोकं नाही, शेपूट नाही, मग प्राणी ओळखणार कसा? म्हणून कधी खेळण्यातलं पियानो वाटतं, कधी स्टील ड्रम, कधी नुसताच प्लास्टिकचा काहीतरी आवाज. मिक्सरवर बसणाऱ्याला हा प्रकार डोकेदुखी असतो. सगळ्यांचे आवाज एकाच मधल्या पट्टीत गर्दी करतात. २००७ चा ‘मिरर्ड’ ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट इथल्या मशीन्स विथ मॅग्नेट्स या स्टुडिओत झाला, आणि त्या अल्बमची ध्वनिमुद्रणातली सर्वांत मोठी करामत मला हीच वाटते की इतक्या गर्दीतही प्रत्येक तुकड्याला उभं राहायला जागा आहे. हेडफोनवर डावं-उजवं नीट ऐकलंत की दिसेल.

आता खार. ब्रॅक्स्टनचा आवाज यंत्राने वर सरकवला जातो. नुसता सूर वर गेला असता तर तो उंच पट्टीत गाणारा माणूस वाटला असता. पण अशा सरकवण्यात घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीतून येणारे अनुनादही सुराबरोबर वर जातात, आणि मेंदूला वाटतं की गाणाऱ्याचा गळाच वितीएवढा आहे. स्वरांची रूपं ओळखू येईनाशी होतात, व्यंजनांचे ठोके तेवढे उरतात. म्हणून ‘ॲटलस’मधले शब्द कळत नाहीत, पण त्यांची लय तोंडात बसते. मेटलमध्ये खर्जातली गुरगुर ऐकताना आपण शब्द शोधत बसतो का? तिथे आवाज वाद्य झालाय हे आपण मान्य करून टाकलेलं असतं. तीच सवलत इथे द्या. गुरगुरीला माणूस राक्षस वाटतो म्हणून ती चालते, आणि ही खेळण्यासारखी वाटते म्हणून हसू येतं. आपल्या कानांचे हे पूर्वग्रह आहेत, दुसरं काही नाही.

‘ॲटलस’ची चाल मात्र ड्रमर म्हणून जरूर मोडून बघा. प्रत्येक मात्रेचे तीन भाग, मधला गाळलेला: धा-ऽ-क, धा-ऽ-क. म्हणजे शफल. ब्लूजमध्ये हाच शफल डुलतो. इथे तो डुलत नाही, लष्करी बुटांनी चालतो, कारण किक दर मात्रेला सरळ पडते. हा ठोका त्या काळात जर्मनीतल्या कोलोनच्या टेक्नोमध्ये चालायचा, तिथे त्याला ‘शाफेल’ म्हणत, आणि कोम्पाक्ट या कंपनीने त्याचे संग्रहच काढले होते. नाचघरातला यंत्राचा ठोका उचलून तो हेल्मेटच्या ड्रमरच्या हातात दिला, ही खरी कल्पना. अल्बमच्या पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, हे गाणं ‘लिटलबिगप्लॅनेट’ या व्हिडिओ गेममध्ये वाजलं आणि मॅथ रॉक हा शब्दही न ऐकलेल्या पोरांनी त्यावर उड्या मारल्या. सात मिनिटांचं, शब्द न कळणारं गाणं पोरं गुणगुणतात, तेव्हा ‘हे फक्त बुद्धीने ऐकायचं संगीत आहे’ असं म्हणणाऱ्यांची पंचाईत होते.

त्याच अल्बमवरचं ‘टोंटो’ शेवटापर्यंत ऐका. तिथे गाणं हळूहळू मंद होत जातं, किल्ली संपत आलेल्या खेळण्यासारखं. एरवी वेग बदलणं हे लूपच्या राज्यात सर्वांत अवघड काम, म्हणून ती उतरण ऐकताना मला दरवेळी पोटात खड्डा पडल्यासारखं होतं.

या पद्धतीची एक मोठी अडचणही सांगितली पाहिजे. लूप फिरतोय तोवर सुरावटीचा पाया हलत नाही. कॉर्ड बदलून गाण्याला नवं वळण देणं, जे तुमच्या प्रोगवाल्यांचं हक्काचं हत्यार, ते इथे जवळजवळ निकामी. मग थर चढवणं, थर काढणं आणि अचानक सगळं तोडून दुसऱ्या खोलीत शिरणं, एवढ्यावर गाणं पेलावं लागतं. जिथे कल्पना दमदार असते तिथे हे खपतं. जिथे नसते तिथे पाचव्या मिनिटाला घड्याळाकडे लक्ष जातं. २०१५ चा ‘ला डी दा डी’ हा पूर्ण वाद्यांचा अल्बम मला बऱ्याच ठिकाणी असाच वाटतो. ‘द याबा’ने सुरुवात झकास होते, पण पुढचे काही तुकडे गाणी होण्याआधीच फ्रेममध्ये घातल्यासारखे आहेत.

ब्रॅक्स्टन गेल्यावर काय उरलं, हा तुमचा दुसरा प्रश्न. तो २०१० मध्ये, पुढच्या अल्बमचं काम चालू असताना बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी ते काम नव्याने बांधलं आणि २०११ मध्ये ‘ग्लॉस ड्रॉप’ आला. बारापैकी चार गाण्यांत पाहुणे गायक: मातियास अगुआयो, गॅरी न्यूमन, ब्लाँड रेडहेडची काझू माकिनो आणि बोअरडम्सचा यामांताका आय. अगुआयो चिलीत जन्मलेला आणि जर्मनीत वाढलेला, कोम्पाक्टच्याच वर्तुळातला. म्हणजे ‘ॲटलस’चा ठोका जिथून आणला तिथलाच माणूस आता पाहुणा म्हणून आला. त्याचं ‘आइस क्रीम’ हे या बँडचं सर्वांत हसरं गाणं. माझं मत विचाराल तर ‘मिरर्ड’ जास्त घट्ट विणलेला आहे, पण मी स्वतःहून लावतो तो ‘ग्लॉस ड्रॉप’.

न्यूमनने गायलेल्या ‘माय मशीन्स’चा व्हिडिओ आवर्जून बघा. एक माणूस सरकत्या जिन्यावर घसरून पडतो. जिना वर नेतोय, हा गडगडत खाली येतोय. ना वर पोचतो, ना खाली. गाणं संपेस्तोवर तो तिथेच कोसळत राहतो. आजूबाजूला लोक आपापल्या वाटेने चाललेले. यंत्राचं चक्र आणि त्यावर धडपडणारं हाडामांसाचं अंग, असं या बँडचं सगळं चरित्र त्या एका जिन्यावर आहे.

कोनॉप्का २०१८ मध्ये बाहेर पडला आणि २०१९ चा ‘ज्यूस बी क्रिप्ट्स’ विल्यम्स आणि स्टॅनियर या दोघांनीच केला. तोवर जुन्या यंत्रांची जागा बऱ्याच अंशी एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरने घेतली होती. त्यात पेडल उशिरा दाबलं जाण्याची भीती उरत नाही, तुकडा हवा तसा चौकटीत बसवता येतो. या सोयीने थोडं नुकसानही झालं असं मला वाटतं. काही ठिकाणी इतकं ठासून भरलंय की स्टॅनियरला श्वास घ्यायला फट मिळत नाही. तरी ‘टायटेनियम २ स्टेप’मध्ये लिक्विड लिक्विड या बँडचा सॅल प्रिन्सिपाटो ओरडत येतो तेव्हा जुना बँड खाडकन जागा होतो. तुम्ही प्रोगवाले आहात म्हणून सांगतो, ‘शुगर फूट’मध्ये येस या प्रोग बँडचा जॉन अँडरसन आहे. ते मात्र चुकवू नका.

चौघांचे तिघे झाले, तिघांचे दोघे, तरी दोन ठोक्यांत बँड ओळखू येतो. क्रीममधून बेकर काढला असता तर क्रीम उरला नसता. इथे स्टॅनियर गेला असता तर मात्र माझी खात्री नाही, इतरांच्या जाण्याने जे मोडलं नाही ते बहुधा तेव्हा मोडलं असतं.

पुन्हा ऐकणार असाल तर क्रम असा ठेवा. ‘मिरर्ड’ सुरुवातीपासून लावू नका. आधी ‘ग्लॉस ड्रॉप’मधलं ‘फ्युचुरा’ घ्या. खार नाही, पाहुणा नाही, चक्रं स्वच्छ ऐकू येतात. पहिल्यांदा फक्त किक आणि स्नेअर ऐका. दुसऱ्यांदा कुठलाही एकच तुकडा धरा आणि तो ड्रम्सच्या समेवर कधी पडतो ते मोजा. मग ‘टोंटो’. मग ‘ॲटलस’. ‘लायंडेकर’ सर्वांत शेवटी, कारण तिथे आवाजाची चिरफाड सर्वांत जास्त आहे.

आणि तुम्ही ड्रमर आहात, तेव्हा ऐकण्यापेक्षा वाजवून लवकर कळेल. मित्राकडून कुठल्याही साध्या लूपरवर एक आवर्तन भरून घ्या. क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) लावू नका, तो जरा वाकडाच राहू द्या. मॉनिटरमध्ये त्याचा आवाज तुमच्या स्नेअरपेक्षा मोठा ठेवा आणि दहा मिनिटं नुसता सरळ ठेका धरा, फिल नाही. पहिली तीन मिनिटं तुम्ही त्याला ओढाल. पाचव्या-सहाव्या मिनिटाला तो वाकडेपणा तुमच्या हातात उतरतो आणि लूप सरळ वाटायला लागतो. मग क्रॅशचा स्टँड जाईल तितका वर घ्या, बाकीच्या झांजा खोलीबाहेर ठेवा, आणि तुमच्या बँडचं कुठलंही गाणं त्यावर वाजवा. मी केलं तेव्हा चार मिनिटांच्या गाण्यात क्रॅश सहा वेळा वाजला. बासवाल्याने विचारलं, आज झांज आणली नाहीस का.